मोशेच्या खालचा दगड

शास्त्रपाठ : निर्गम १७:८-१३, गलतीकरांस पत्र ६:१-५



रफीदीम येथे अमालेक इस्राएलावर चालून आला, त्या दिवसाची हकीकत आपण शब्बाथ शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. यहोशवा निवडक माणसे घेऊन खाली रणात उतरला. मोशे, अहरोन व हूर टेकडीच्या माथ्यावर चढले. मोशेच्या हाती देवाची काठी होती. त्याचा हात वर असला की इस्राएलाची सरशी होई आणि खाली आला की अमालेकाची. पण मोशेचे वय झाले होते. त्याचे हात जड होऊ लागले. तेव्हा सोबत्यांनी जवळचा एक दगड आणून त्याच्या खाली ठेवला. मोशे त्यावर बसला, दोघांनी दोन बाजूंनी त्याच्या हातांना आधार दिला, आणि दिवस मावळेपर्यंत ते हात ढळले नाहीत.

या उताऱ्यावरून पाळकांसाठी प्रार्थना करण्याविषयी पुष्कळ उपदेश होतात, आणि ते योग्यच आहे. अहरोन व हूर यांची नावेही आपल्या तोंडी असतात. पण त्या दगडाकडे फारसे कोणी पाहत नाही. आज आम्हाला त्या दगडाविषयी बोलावयाचे आहे. कारण आपल्या मंडळ्यांत असे बंधुभगिनी आहेत की ज्यांचे सारे आयुष्य असा एखादा दगड मिळण्या-न मिळण्यावर अवलंबून आहे.

आम्ही बोलत आहोत ते अतितीव्र शारीरिक अपंगत्व आलेल्यांविषयी. कोणी झाडावरून वा वाहनावरून पडून मणक्याला मार बसलेला, मानेखालचे शरीर हलत नाही असा. कोणी पोलिओने लुळा पडलेला. कोणाचे हातपाय जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने ताठलेले. कोणी स्नायू झिजण्याच्या रोगाने वर्षागणिक एकेक शक्ती गमावीत चाललेला. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीचे होते. सरकारदरबारी आता ‘दिव्यांग’ हा शब्द चालतो. शब्द कोणताही वापरा, त्या घरांतला प्रश्न एकच असतो. रात्री दिवा मालवल्यावर आईबाप एकमेकांना विचारतात, “आपल्यामागे ह्याचं कोण करणार?” आणि शेजारच्या खाटेवर तो मुलगा जागाच असतो.

या प्रश्नाला ‘देव पाहील’ हे उत्तर खरे आहे. पण देव कसा पाहतो? रफीदीमच्या टेकडीवर त्याने कसे पाहिले? आपण क्रमाने तीन गोष्टी पाहू.

१. दगड : साधन हेही देवाचे दान आहे

मोशेचे हात देवाला चमत्काराने बळकट करता आले नसते काय? ज्याने समुद्र दुभंगला त्याला ते अवघड नव्हते. तरी त्या दिवशी देवाने मोशेला तरुण केले नाही. एका दगडाचा उपयोग होऊ दिला. तो दगड काही पवित्र नव्हता; टेकडीवर असतात तशांपैकीच होता. पण तो योग्य उंचीचा असावा, योग्य जागी ठेवला गेला, आणि थकलेल्या माणसाला बसता आले. दगडावर बसल्याने मोशेची प्रार्थना उणी झाली नाही. उलट, ती दिवस मावळेपर्यंत टिकली.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्यांतील काही भाविक मंडळींना यंत्रसाधनांविषयी एक संकोच वाटतो. चाकाची खुर्ची घेतली म्हणजे बरे होण्याची आशा सोडली, विश्वास कमी पडला, असे त्यांना वाटते. म्हणून वर्षानुवर्षे खुर्ची घेतली जात नाही आणि माणूस खाटेवरच राहतो. बंधूंनो, आपण चष्मा लावून पवित्र शास्त्र वाचतो, तेव्हा आपला विश्वास कमी होत नाही. चष्म्याला जो न्याय तोच खुर्चीला. आरोग्यासाठी प्रार्थना अवश्य करावी, पण त्या प्रार्थनेचे उत्तर येईपर्यंत माणसाला जमिनीवर बसवून ठेवण्याची आज्ञा शास्त्रात कोठेही नाही.

साधन माणसाला काय देते, याची एक साक्ष इंग्लंडमधील आहे. तेथील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ साली डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्यांसाठी विभाग सुरू केला. त्यापूर्वी असे रुग्ण बहुधा फार काळ जगत नसत. गुटमान यांच्या काळजीने ते जगू लागले. पण मानेखाली काहीच न हलणारा मनुष्य जगून करणार काय? दिवा हवा, पाणी हवे, कूस बदलावयाची, तर कोणाला तरी बोलवावे आणि वाट पाहावी. १९६० च्या सुमारास रेजिनाल्ड मेलिंग नावाचे गृहस्थ तेथे रुग्णांच्या भेटीस जात असत. या माणसांचे हातपाय गेले तरी श्वास त्यांच्या ताब्यात आहे, हे त्यांनी हेरले. त्यांनी एक यंत्र तयार केले. तोंडाजवळ एक नळी. तिच्यात फुंकले किंवा तिच्यातून हवा ओढली की यंत्राला खूण कळे. त्या खुणेने दिवा लागे, घंटा वाजे, रेडिओ सुरू होई, टेलिफोन उचलला जाई, टाइपरायटरवर अक्षर उमटे. ज्याला स्वतःच्या नाकावरची माशी हाकलता येत नव्हती, तो स्वतःचे पत्र स्वतः लिहू लागला, आणि ते दुसऱ्या कोणाला वाचून दाखवावे लागले नाही.

त्या यंत्राच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन ‘पॉसम’ हे नाव रूढ झाले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मला शक्य आहे’ असा होतो. जुन्या लॅटिन शास्त्रात फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ येथे पौलाच्या तोंडी नेमका हाच शब्द आहे. पौलाने तो लिहिला तेव्हा तो बंदिवान होता. सामर्थ्य देणारा ख्रिस्त, हे तो विसरत नाही; पण म्हणतो मात्र, मला शक्य आहे.

आज ती साधने पुष्कळ पुढे गेली आहेत. स्टीफन हॉकिंग या शास्त्रज्ञाची वाचा १९८५ साली गेली. पुढे संगणकाच्या साहाय्याने ते बोलत व लिहीत राहिले. हात थकल्यावर गालाच्या एका स्नायूच्या हालचालीने ते शब्द निवडीत. २०१८ साली ते निवर्तले तोवर त्यांचे काम चालू होते. आता डोळ्यांच्या नजरेने पडद्यावरील अक्षरे निवडणारी यंत्रे आहेत. साध्या मोबाइल फोनला तोंडी सांगून फोन लावता येतो, पत्र लिहिता येते, शास्त्राचा अध्याय ऐकता येतो. पण साधन म्हणजे नेहमी महागडेच, असे समजू नका. चमच्याच्या दांड्यावर कापड गुंडाळून ती जाड केली, किंवा तळहाताभोवती पट्टा बांधून त्यात चमचा खोवला, तर मूठ न वळणारा मनुष्य आपल्या हाताने जेवतो. खाटेवरून खुर्चीत सरकण्यासाठी एक गुळगुळीत फळी पुरते. असे दगड आपल्या घराच्या आसपासच पडलेले असतात. ते उचलून आणणारा कोणी हवा.

२. सोबती : साधनाने माणूस अनावश्यक होत नाही

दगड आपण होऊन मोशेच्या खाली आला नाही. तो कोणी तरी आणला. आणि दगड ठेवून झाल्यावर अहरोन व हूर घरी गेले नाहीत. ते उभे राहिले. साधन देणे सोपे, साधनाबरोबर राहणे अवघड.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात २५० कोटींहून अधिक लोकांना एखाद्या तरी साहाय्यक साधनाची गरज आहे. गरीब देशांत ते फार थोड्यांना मिळते. आपल्या केंद्र सरकारची अशी साधने देण्याची योजना १९८१ पासून आहे आणि कानपूरच्या कारखान्यात ती तयारही होतात. शिबिरे भरतात, खुर्च्या वाटल्या जातात, फोटो निघतात. पण पुढे? खुर्ची अंगाच्या मापाची नसेल तर पाठ वाकते. बैठकीवर योग्य गादी नसेल तर, ज्याच्या अंगाला स्पर्श कळत नाही त्याला बसल्या जागी जखम होते, ती चिघळते आणि प्राणावर बेतते. टायर पंक्चर झाला आणि दुरुस्ती करणारा मिळाला नाही, तर महिन्याभरात ती खुर्ची अंगणात कपडे वाळत घालण्याच्या कामी येते. विजेवर चालणाऱ्या खुर्चीची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. तिचे पैसे कोणी धरून ठेवलेले नसतात.

अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ काहीच हलेना. रात्री श्वासासाठी त्यांना लोखंडी फुप्फुस म्हणतात त्या मोठ्या यंत्रात झोपावे लागे. १९६२ साली ते बर्कली येथील विद्यापीठात गेले. ते यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्यांना खोली मिळाली. पुढे त्यांनी व त्यांच्यासारख्या मित्रांनी १९७२ साली तेथे ‘स्वावलंबी जीवन केंद्र’ उभे केले. ज्या सरकारी खात्याने पूर्वी त्यांना नोकरीच्या कामाचे नाहीत असे ठरवले होते, त्याच खात्याचे ते १९७५ साली प्रमुख झाले.

आता हे लक्षात घ्या की, रॉबर्ट्स एकटे राहत नव्हते. उठवण्यास, जेवू घालण्यास, खुर्चीत बसवण्यास त्यांना रोज माणसे लागत. विजेची खुर्ची होती, तरीही लागत. मग स्वावलंबन कसले? ते असे की, कोणाला कामावर ठेवावे, किती वाजता उठावे, कोणता सदरा घालावा, कोठे जावे, हे त्यांचे ते ठरवीत. मदत करणारे हात दुसऱ्याचे, निर्णय त्यांचा. मदत घेणे म्हणजे परस्वाधीन होणे नव्हे. आपल्या आयुष्यातील प्रत्येक गोष्ट आपल्याला न विचारता दुसऱ्याने ठरवावी, हे परस्वाधीनपण आहे.

येथे गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाकडे वळा. दुसऱ्या वचनात पौल सांगतो की, एकमेकांची ओझी उचला. पाचव्या वचनात सांगतो की, ज्याचा भार त्याने वाहावा. तीन वचनांच्या आत प्रेषिताने आपलेच म्हणणे खोडले काय? तसे नाही. मूळ ग्रीकमध्ये दोन निरनिराळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनातील शब्द माणसाला दडपून टाकणाऱ्या ओझ्याचा आहे. पाचव्या वचनातील शब्द वाहून न्यावयाच्या भाराचा आहे. प्रेषितांची कृत्ये २७:१० मध्ये तो गलबतावरील मालाविषयी येतो, आणि मत्तय ११:३० मध्ये प्रभू आपला भार हलका आहे असे म्हणतो तेथेही तोच शब्द आहे. जे ओझे माणसाला चिरडते ते इतरांनी उचलावे, म्हणजे देवाने ज्याला जो भार नेमून दिला आहे तो त्याला स्वतः नेता येईल. पायऱ्या, खड्डे, पैशाची चणचण, लोकांचे टक लावून पाहणे ही दडपणारी ओझी आहेत. ती मंडळीने उचलावीत. पण शिकणे, कमावणे, लग्नाचा विचार करणे, दान देणे, सेवा करणे हा त्या माणसाचा स्वतःचा भार आहे. दयेपोटीसुद्धा तो त्याच्याकडून काढून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

३. हात मोशेचेच राहिले

अहरोनाने असे म्हटले नाही की, “तू थकलास, काठी माझ्याकडे दे, तू तंबूत जाऊन पड.” तसे करणे सोपे गेले असते. अहरोनाचे व हूराचे हात धडधाकट होते. पण देवाने ते काम मोशेला नेमून दिले होते. म्हणून त्यांनी मोशेचे काम केले नाही. मोशेला त्याचे काम करता येईल असे केले. अपंगांची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक मनात कोरून ठेवावा.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. मेरी वर्गीस यांची साक्ष आपल्याच मंडळीची आहे. १९५४ साली मोटार अपघातात या तरुण डॉक्टरांच्या मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. स्त्रीरोगतज्ज्ञ होण्याचा त्यांचा विचार होता. तो मार्ग बंद झाला. त्या वेळी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करीत होते. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. डॉ. ब्रँड यांच्या उत्तेजनाने मेरी वर्गीस चाकाच्या खुर्चीत बसून ती करू लागल्या. ज्यांचे पाय गेले होते त्यांनी, ज्यांचे हात गेले होते त्यांना हात दिले. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले, परत येऊन वेल्लोरच्या त्या विभागाची धुरा वाहिली, आणि १९६६ साली तेथे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. १९७२ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. १९८६ साली त्या प्रभूकडे गेल्या.

त्या अपघातानंतर लोकांनी केवळ दया दाखवली असती, उत्तम खोली दिली असती, रोज फुले आणून ठेवली असती, तर? दयेत काही उणे राहिले नसते. पण कित्येक कुष्ठरोग्यांची बोटे वाकडीच राहिली असती. एखाद्या माणसाला साधन नाकारले जाते तेव्हा त्याचे एकट्याचेच नुकसान होत नाही. त्याच्या हातून देव ज्यांना काही देणार होता, त्या सर्वांचे होते.

आपल्या मराठी मुलखातही अशी साक्ष आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कमरेखाली लुळेपणा आला. त्यांनी १९८४ साली सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापली, आणि आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ‘चाकाची खुर्ची’. ज्या वस्तूला समाज दुर्दैवाची खूण मानतो, तिचे नाव त्यांनी आपल्या पुस्तकाच्या माथ्यावर घातले. बेळगाव व गोव्याकडील वाचकांना कोल्हापूर लांब नाही. जमल्यास ते काम पाहून यावे.

आपल्या मंडळ्यांनी काय करावे?

पहिले, विचारावे. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारीत होता. त्याला काय हवे ते उघड दिसत होते. तरी प्रभूने त्याला आधी विचारले (मार्क १०:५१). प्रभूने विचारले, तर आपण न विचारता कसे देणार? खाटेवरील बंधूला विचारा, आईला नव्हे, त्यालाच. त्याला बोलण्यास वेळ लागत असेल तर वेळ द्या. कदाचित तो खुर्ची मागणार नाही, फोन मागेल. कदाचित स्नानगृहात भिंतीला धरावयास एक दांडी मागेल, म्हणजे वयात आलेल्या मुलाला आईच्या हातून स्नान करून घ्यावे लागणार नाही.

दुसरे, मंदिराचे दार पाहावे. उतरत्या वाटेचा नियम असा की, एक इंच चढाला निदान बारा इंच लांबी हवी. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट; तशा तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. दार सुमारे तीन फूट रुंद असावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम असाव्यात असे ठरवले आहेच. पण मंडळीने हे कायद्याच्या धाकाने करू नये. जो बंधू चौघांनी उचलल्यावाचून आत येऊ शकत नाही, तो चौघे सवडीत असतील त्याच रविवारी येतो. प्रभुभोजनाला येण्यासाठी कोणालाही माणसांची सवड पाहावी लागू नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपली कित्येक मंदिरे जुनी आहेत, दगडी पायऱ्यांची आहेत. त्या पायऱ्या काढण्याची गरज नाही. बाजूच्या दाराला उतार करता येतो.

तिसरे, दुरुस्तीचा निधी ठेवावा. खुर्ची देण्यास पुष्कळ जण पुढे येतात. टायर, गादी व बॅटरी यांसाठी कोणी येत नाही. तरुण संघातील एका-दोघांनी सायकलवाल्याकडे जाऊन चाक काढणे-बसवणे शिकून घ्यावे. हे काम दिसत नाही. हूराचे काम कोणाला दिसले?

चौथे, सेवा सोपवावी. ज्याला बोलता येते त्याला शास्त्रपाठ द्यावा. ज्याला फोन वापरता येतो त्याने आजाऱ्यांची विचारपूस करावी, वर्गणीचा हिशेब ठेवावा. दरवर्षी नाताळात त्याच्या घरी फळांची टोपली नेण्याबरोबरच त्याचीही अर्पणाची पाकिटे त्याच्या हाती द्या.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा पाठ घेताना मुलांना एक फूटपट्टी द्यावी आणि मंदिराच्या पायऱ्या मोजावयास लावाव्यात. उताराची लांबी मुलांनीच काढावी आणि तो कागद वडीलमंडळाकडे न्यावा. वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला दाखवण्याचे उदाहरण करू नका. गणित तिलाही सोडवू द्या.

शेवटी एक सावधगिरी. स्वावलंबन मोठे आहे, पण ते तारण नव्हे. असेही बंधुभगिनी आहेत की ज्यांना जगातील कोणतेही यंत्र स्वतंत्र करू शकत नाही. अखेरपर्यंत दुसऱ्याच्याच हातांनी त्यांचे सर्व व्हावयाचे. त्यांची किंमत देवाजवळ तसूभरही कमी नाही. आपल्या प्रभूकडे पाहा. वधस्तंभावर त्याचे हातपाय खिळलेले होते. स्वतःचा घाम त्याला पुसता येत नव्हता. तहान लागली, तेव्हा त्याने ती बोलून दाखवली. कोणी तरी बोळा भिजवून काठीवर लावला आणि त्याच्या ओठांपर्यंत नेला (योहान १९:२८-२९). ज्याने सर्व काही निर्माण केले, त्याने त्या घटकेला एका काठीच्या टोकाने मिळालेली मदत घेतली. म्हणून मदत घेण्यात कोणाला लाज नको, आणि ती काठी पुढे करण्यात कोणाला कमीपणा नको.

चला, आपण प्रार्थना करू.

हे दयाळू देवा, आमच्या घरांत व मंडळ्यांत जे हलू शकत नाहीत त्यांना तू नावाने ओळखतोस. त्यांना काय हवे हे विचारण्याची नम्रता आम्हाला दे. दगड शोधून आणण्याचे कष्ट आणि दिवस मावळेपर्यंत जवळ उभे राहण्याची चिकाटी आम्हाला दे. त्यांच्या हाती तू दिलेले काम आमच्या दयेमुळे त्यांच्याकडून काढून घेतले जाऊ नये. रात्री जागणाऱ्या आईबापांना धीर दे, आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तुझ्या मंडळीला उभे कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.